मडके कोणी फोडले? : नियतिवादाचा एक जुना खटला

मराठी समीक्षेत 'नियती' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. सोफोक्लीजचा ईडिपस शिकवताना तो येतो, जी. ए. कुलकर्णी यांच्या कथांवर लिहिताना तर तो पहिल्याच परिच्छेदात येतो. आणि एखादे पात्र न केलेल्या अपराधाची किंमत मोजू लागले, की त्याच्या निर्मात्याला 'नियतिवादी' ठरवून आपण मोकळे होतो. दैव, प्रारब्ध, संचित, विधिलिखित, नशीब हे सगळे शब्द आपण एकाच खुंटीला टांगतो. वास्तविक ह्यांतील प्रत्येकाचे कूळ निराळे आहे. प्रारब्ध हे कर्मसिद्धान्ताच्या घरातले. त्यात पूर्वी कधीतरी कर्म करणारा एक कर्ता गृहीत धरलेला असतो. विधिलिखितामागे लिहिणारा विधाता असतो. अरबीतून आलेल्या नशिबाचा मूळ अर्थ 'वाटा', म्हणजे तेथेही वाटणारा कोणी आहेच. नियतीत मात्र कर्ता नाही, लिहिणारा नाही, वाटणाराही नाही. जे घडते ते तसेच घडायचे असते, एवढेच नियती सांगते.

तत्त्वज्ञानाच्या मराठी परिभाषेत 'इच्छास्वातंत्र्य' विरुद्ध 'नियतत्ववाद' असा वाद मांडला जातो, आणि तो बहुधा पाश्चात्त्य ग्रंथांच्या आधारे शिकवला जातो. त्यामुळे असा समज रुजला आहे, की हा प्रश्न आपल्याकडे बाहेरून आला. आपल्याकडे होता तो केवळ कर्मवाद. हा समज इतिहासाला धरून नाही. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या-सहाव्या शतकांत मगध आणि कोसल ह्या प्रदेशांत नियती हेच ज्यांचे मुख्य तत्त्व होते असा एक संप्रदाय उभा राहिला, आणि तो सुमारे दोन हजार वर्षे ह्या ना त्या रूपात टिकला. तो आजीविकांचा संप्रदाय. त्यांच्याविरुद्ध बौद्धांनी आणि जैनांनी जो युक्तिवाद केला, त्याकडे साहित्याच्या अभ्यासकांनी पुन्हा एकदा पाहावे, असे आम्हांस वाटते. कारण त्या ग्रंथांत हा वाद हवेत झालेला नाही. प्रत्येक वेळी तेथे काहीतरी फुटलेले आहे, कोणीतरी मेलेले आहे, कोणाचा तरी अपमान झालेला आहे. नियतीचे तत्त्व कोणी, कोणाला आणि कोणत्या घडीला सांगितले, ह्यावर तेथे त्याचा अर्थ ठरतो.

१

आजीविकांचा सर्वांत प्रसिद्ध आचार्य मक्खलि गोसाल. जैनांच्या भगवतीसूत्रात त्याचे चरित्र येते. तो महावीरांबरोबर सहा वर्षे हिंडला, असे हा ग्रंथ सांगतो, आणि त्याच्या नियतिवादाचा उगम एका तिळाच्या रोपात दाखवतो. वाटेवर दिसलेले ते रोप फळेल का, असे गोसालाने विचारले. फळेल, आणि ह्या सात फुलांतले जीव एकाच शेंगेत सात तीळ होऊन जन्मतील, असे महावीरांनी सांगितले. गोसाल मागे रेंगाळला आणि त्याने ते रोप मुळासकट उपटून फेकून दिले. भविष्य खोटे पाडायचे, एवढाच त्याचा हेतू. पण थोड्या वेळाने पाऊस आला, रोपाने पुन्हा मूळ धरले, आणि परतीच्या वाटेवर गोसालाला त्या शेंगेत सात तीळ मोजायला मिळाले. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला, की सारेच आधी ठरलेले असते.

ही कथा वाचताना ईडिपसची आठवण झाल्यावाचून राहत नाही. भाकीत टाळण्यासाठी केलेली कृती भाकिताच्या पूर्ततेतच विरून जाते, ही रचना दोन्हीकडे आहे. फरक एवढाच, की ईडिपसच्या वाट्याला अंधत्व आले आणि गोसालाच्या वाट्याला एक सिद्धान्त. शिवाय, ज्याने पुढे पुरुषप्रयत्न नाकारला, त्याने आधी प्रयत्न करून पाहिला होता, हे कथा सांगणाऱ्यांनी लपवलेले नाही. ती विरोधकांनी सांगितलेली कथा आहे, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे.

त्या सिद्धान्ताचा पाली ग्रंथांतील सारांश दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात सापडतो. प्राण्यांच्या मलिनतेला हेतू नाही, त्यांच्या शुद्धीलाही नाही. स्वतःचे कर्तृत्व नाही, परक्याचे नाही, बळ नाही, पराक्रम नाही. नियती, परिस्थिती आणि स्वभाव ह्यांनी जीव घडत जातात. सुखदुःखे मापाने मोजून दिलेली आहेत. चौऱ्याऐंशी लक्ष महाकल्पांचा फेरा शहाण्यालाही चुकत नाही आणि मूर्खालाही. फेकलेली सुताची गुंडी जशी सूत संपेपर्यंत उलगडत जाते, तसे दोघेही आपापल्या अंताला पोहोचतात. धर्मानंद कोसंबी यांनी 'भगवान बुद्ध' ह्या ग्रंथात तत्कालीन श्रमणांच्या मतांचा जो परामर्श घेतला आहे, त्यात हे मत 'संसारशुद्धिवाद' ह्या नावाने येते. नाव समर्पक आहे. मुक्ती येथेही आहे. पण ती मिळवायची नाही, केवळ तिथवर घरंगळत जायचे.

ह्या सुत्तात हे मत गोसालाच्या तोंडून थेट येत नाही. ते सांगतो मगधाचा राजा अजातशत्रू. कार्तिकी पौर्णिमेची रात्र आहे. राजा राजवाड्याच्या गच्चीवर अमात्यांसह बसला आहे आणि मनाला प्रसन्नता देईल अशा कोणा श्रमणाकडे जावे, असे त्याला वाटते. जीवक वैद्य त्याला आपल्या आम्रवनात, बुद्धाकडे, घेऊन जातो. वन जवळ येते तसा राजा भयभीत होतो. इतके भिक्षू असताना खोकल्याचासुद्धा आवाज नाही. जीवकाने आपल्याला शत्रूच्या हाती तर दिले नाही ना, असे तो विचारतो. हे भय सहज आलेले नाही. ह्या राजाने आपला पिता बिंबिसार याला ठार मारून सिंहासन घेतले आहे.

आता त्या सारांशाकडे पुन्हा पाहावे. कोणीही काही करत नाही, पाप करणाऱ्याला पाप लागत नाही, अशी मते अजातशत्रूने एकामागून एक आचार्यांकडून ऐकलेली आहेत. पितृहत्या केलेल्या माणसाला ह्याहून अधिक सोयीचे तत्त्वज्ञान कोणते? तरीही त्याने ते स्वीकारले नाही. त्याने त्या आचार्यांचा अवमान केला नाही, त्यांचे म्हणणे उचललेही नाही. आंब्याविषयी विचारावे आणि फणसाविषयी उत्तर मिळावे, अशा जातीचे ते उत्तर त्याला वाटले. सुत्ताच्या शेवटी त्याने आपला अपराध स्वतःच्या तोंडाने उच्चारला. तो उठून गेल्यावर बुद्ध भिक्षूंना म्हणतो, की ह्याने पित्याला मारले नसते, तर ह्याच आसनावर ह्याला धर्मदृष्टी लाभली असती. कबुली स्वीकारली गेली. केलेले कृत्य मात्र पुसले गेले नाही.

येथे बुद्धाने नियतिवादाचे तार्किक खंडन केलेले नाही. सुत्तकाराने एवढेच दाखवले आहे, की ज्या माणसाला ह्या मताचा सर्वांत मोठा लाभ होता, त्याच्या रात्रीच्या भयावर ते मत उपयोगी पडले नाही.

२

जैनांच्या उवासगदसाओ ह्या अंगग्रंथातील सातवे अध्ययन त्याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने भिडते. पोलासपूर नगरात सद्दालपुत्त नावाचा श्रीमंत कुंभार राहतो. नगराबाहेर त्याच्या पाचशे कुंभारशाळा आहेत आणि तो आजीविकांचा निष्ठावान उपासक आहे. एकदा महावीर तेथे येतात. ओली मडकी वाळत ठेवलेली पाहून ते विचारतात, ही कशी बनली? कुंभार आपल्या धंद्यातली कृती सांगतो: आधी माती, ती पाण्यात भिजवली, तीत राख आणि शेण मिसळले, गोळा चाकावर चढवला, आणि मग ही भांडी झाली. हे प्रयत्नाने झाले की प्रयत्नावाचून, असा पुढचा प्रश्न. सद्दालपुत्त आपल्या मताला जागतो: प्रयत्नावाचून, सर्व भाव नियतच आहेत.

मग महावीर तिसरा प्रश्न विचारतात. तुझ्या एखाद्या चाकराने ही मडकी चोरली, फोडली, किंवा तुझी पत्नी अग्गिमित्ता हिच्याशी गैरवर्तन केले, तर तू काय करशील? कुंभार म्हणतो, मी त्याला शिव्या देईन, बांधीन, मारीन, जिवे घेईन. ह्यावर महावीरांचे म्हणणे असे: तुझ्या मताप्रमाणे तर कोणी मडके फोडतच नाही. मग शिक्षा कोणाला?

ह्या युक्तिवादाची जागा पाहण्यासारखी आहे. मडकी घडवण्याचे श्रेय नाकारणे कुंभाराला जड गेले नाही; उलट त्यात विनयाचा गोडवा आहे. पण मडके फोडणाऱ्याचा दोष नाकारणे त्याला क्षणभरही जमले नाही. आपल्या कर्तृत्वाबाबत नियतिवादी असणे सोपे. दुसऱ्याच्या अपराधाबाबत नियतिवादी राहणे कठीण. शिवाय ज्याच्यावर राग काढायचा तो चाकर आहे आणि रागावणारा पाचशे शाळांचा मालक. सर्व नियत आहे हे तत्त्व मालकाला आपल्या संपत्तीविषयी मान्य आहे, चाकराच्या हातून फुटलेल्या मडक्याविषयी नाही.

कोणी चतुर आजीविक येथे उत्तर देऊ शकला असता, हे मान्य केले पाहिजे. चाकराने मडके फोडणे नियत, तसेच माझे रागावणेही नियत; मी त्याला मारीन ते मारणेही त्याच सुताच्या गुंडीतले. ह्या उत्तरात तार्किक विसंगती नाही. ग्रंथकाराने ते सद्दालपुत्ताच्या तोंडी घातलेले नाही, कारण ग्रंथ जिंकणाऱ्यांचा आहे. पण ह्या उत्तराची किंमतही पाहावी. ते दिले, की 'अपराध' ह्या शब्दात अर्थ उरत नाही; वीज पडून मडके फुटले आणि चाकराने मुद्दाम फोडले, ह्यांत भेद करता येत नाही. आणि हा भेद केल्यावाचून माणसे एकमेकांत राहू शकत नाहीत. इंग्रज तत्त्वज्ञ पी. एफ. स्ट्रॉसन यांनी १९६२ साली स्वातंत्र्य आणि रोष ह्या विषयावर जे व्याख्यान दिले, त्याचा गाभा ह्याहून फार दूर नाही. आपल्याला राग येतो, कृतज्ञता वाटते, आपण क्षमा करतो. ह्या वृत्ती म्हणजे माणसांच्या परस्परसंबंधांचाच धागा आहे, आणि नियतत्ववाद खरा ठरला तरी आपण त्या टाकून देऊ शकू असे दिसत नाही, असे त्यांनी मांडले. पोलासपूरच्या कुंभारशाळेत हाच विचार प्रश्नरूपाने आला होता. त्याने नियतिवाद खोटा ठरत नाही. स्वतःचे मडके फुटले की कोणी त्याप्रमाणे वागत नाही, एवढे ठरते.

कथा येथे संपत नाही, हे तिचे मोठेपण. सद्दालपुत्त महावीरांचा उपासक होतो. पुढे एका रात्री त्याच्या व्रताची परीक्षा पाहण्यासाठी एक देव येतो आणि त्याच्यासमोर त्याच्या पुत्रांना मारतो. तो ढळत नाही. मग देव अग्गिमित्तेला मारण्याची धमकी देतो, आणि सद्दालपुत्त त्याला धरायला उठतो. सारा देखावा मायेचा निघतो आणि व्रतभंगासाठी त्याला प्रायश्चित्त घ्यावे लागते. ज्या पत्नीच्या उल्लेखाने त्याचा पहिला सिद्धान्त ढासळला, तिच्याच उल्लेखाने दुसऱ्या संप्रदायातले त्याचे समत्वही ढळले. तत्त्व बदलले तरी माणूस तोच राहिला.

३

आजीविकांचे स्वतःचे ग्रंथ आज उपलब्ध नाहीत. त्यांच्याविषयी जे कळते ते विरोधकांच्या लेखणीतून. म्हणून त्यांना आळशी वा बेजबाबदार ठरवण्याची घाई करू नये. विरोधकही कबूल करतात, की हे लोक नग्न राहत, कठोर उपवास करीत, अवघड तपे आचरीत. प्रयत्न व्यर्थ मानणाऱ्यांनी तप का करावे? ए. एल. बॅशम यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या आजीविकांवरील ग्रंथात ह्या कोड्याची उकल अशी केली आहे, की त्यांच्या मते तपदेखील नियतच होते. फेऱ्याच्या शेवटाशी आलेला जीव अटळपणे तपस्वी होतो. तप हे मोक्षाचे साधन नसून मोक्ष जवळ आल्याची खूण आहे. व्याकरणाच्या परंपरेतही ह्या लोकांची पुसट आठवण उरली आहे. पाणिनीच्या 'मस्करिन्' ह्या शब्दावर भाष्य करताना पतंजली सांगतो, की कर्मे करू नका, शांती हीच बरी, असे सांगत फिरणारा तो मस्करी परिव्राजक. मक्खलि आणि मस्करी ही नावे एकच, असे अनेक अभ्यासक मानतात.

त्यांना राजाश्रयही मोठा लाभला. बिहारमध्ये गयेच्या उत्तरेस बराबरच्या टेकड्यांत आरशासारखी झिलई असलेल्या लेण्या आहेत. त्यांतील दोन सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर बाराव्या वर्षी आजीविकांना दिल्याचे तेथील लेख सांगतात. जवळच्या नागार्जुनी टेकडीतील तीन लेण्या त्याचा नातू दशरथ याने त्यांनाच दिल्या. अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात ब्राह्मण आणि निर्ग्रंथ यांच्या जोडीने आजीविकांचे नाव येते. पुढे उत्तरेत त्यांचा मागमूस हळूहळू नाहीसा झाला; दक्षिणेत मात्र चौदाव्या शतकाच्या सुमारापर्यंत त्यांचे अस्तित्व बॅशम यांनी दाखवून दिले आहे. बराबर आणि नागार्जुनीच्या काही लेखांत 'आजीविक' हा शब्द कोणीतरी छिन्नीने खोडण्याचा प्रयत्न केलेला दिसतो. खोडणाऱ्याने आपले नाव मागे ठेवलेले नाही. ज्या मताने कर्ता नाकारला, त्या मताच्या अनुयायांचे नाव अशा रीतीने एका निनावी कर्त्याने खोडले आहे.

४

आतापर्यंत आपण अपराध करणारा राजा पाहिला, शिक्षा करू पाहणारा मालक पाहिला. ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्याच्या तोंडी नियती कशी वाजते, हे पाहायचे तर महाभारताकडे वळावे लागते.

वनपर्वात, द्वैतवनात, द्रौपदी युधिष्ठिराशी बोलते. द्यूतसभेतला अपमान ताजा आहे. ती म्हणते, की धाता माणसांना लाकडी बाहुल्यांसारखे नाचवतो. माणूस दोरीने बांधलेल्या पक्ष्यासारखा, वेसण घातलेल्या बैलासारखा परतंत्र आहे. इथवर हे नियतिवादाचेच बोलणे वाटते. पण लगेच ती विचारते, की केलेल्या कर्माचे पाप जर कर्त्याला चिकटत असेल, तर खरा कर्ता जो ईश्वर त्यालाच ते चिकटले पाहिजे; आणि जर बलवान म्हणून तो त्यातून सुटत असेल, तर आपल्याला दुर्बळांची कीव येते. बाहुलीची उपमा येथे सांत्वन म्हणून आलेली नाही; ती फिर्याद म्हणून आली आहे. युधिष्ठिर तिला नास्तिक्य म्हणतो. त्यावर द्रौपदी आपला सूर बदलते आणि हठ, म्हणजे यदृच्छा, दैव आणि पौरुष अशी तीन कारणे मांडून, कर्म केलेच पाहिजे असे प्रतिपादन करते. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून हे आपण एका विद्वान ब्राह्मणाकडून ऐकले, असेही ती सांगते. अजातशत्रूला जे मत सुटकेची वाट ठरू शकले असते, तेच द्रौपदीच्या तोंडी आरोपपत्र होते.

शांतिपर्वातील मंकीची गोष्ट चौथ्या आवाजाची. उरलेल्या पैशांत मंकीने दोन गोऱ्हे घेतले, त्यांना एका जुवाला जुंपले. ते उधळले आणि वाटेत बसलेल्या उंटाच्या अंगावर गेले. उंट बिथरून उठला आणि दोघांना मानेच्या दोन बाजूंना लोंबकळत घेऊन धावत सुटला, गोऱ्हे मेले. मंकी म्हणतो, हे सारे दैव आहे, पौरुष म्हणून काही नाही. ह्या मंकीत मक्खलीची छाया असावी, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. तो खरा असो वा नसो, येथे दैवाचे नाव घेऊन मंकी कोणाला सोडवत नाही आणि कोणावर आरोपही करत नाही. त्याच्याजवळ जे होते ते गेले आहे, आणि तो आपली हाव सोडून देतो. ज्याचे सर्वस्व गेले त्याने स्वतःपुरते उच्चारलेले दैव आपल्याला खटकत नाही. तेच शब्द उंटाच्या मालकाने मंकीला ऐकवले असते तर?

५

ह्या जर-तरमध्येच पुढील काळातल्या वादाचे मर्म आहे. नियतिवाद हरला, कर्मवाद जिंकला. पण जिंकलेला कर्मवाद अनेकदा नियतिवादाचेच काम करू लागला. दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखवून 'त्याचे पूर्वकर्म' म्हणणे सोपे होते. बुद्धाने हा धोका ओळखला होता. अंगुत्तरनिकायात तो तीन मते एकाच पंक्तीत बसवतो: सारे पूर्वकर्मामुळे होते, सारे ईश्वरनिर्मित आहे, सारे अहेतुक आहे. तिन्हींचा शेवट अकर्मण्यतेत होतो, असे तो म्हणतो. संयुत्तनिकायात तर तो वेदनेची आठ कारणे सांगतो. त्यांत पित्त, कफ, वात आणि त्यांचा संयोग आहे, ऋतुबदल आहे, हयगय आहे, अचानक झालेला आघात आहे, आणि कर्मविपाक हे त्यांतील केवळ एक कारण आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) ह्या ग्रंथात नेमका हाच धागा उचलला. गतजन्मीच्या कर्माने ह्या जन्मीची स्थिती ठरते, ह्या सिद्धान्ताचा उपयोग दीनदुबळ्यांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकण्यासाठी होतो, असे त्यांनी बजावले. महावीरांनी कुंभाराला विचारलेला प्रश्न येथे उलट दिशेने फिरतो. तेथे 'मडके फोडणारा कोणी नाही' असे मालक म्हणू पाहत होता. येथे, ज्याचे मडके फुटले त्यानेच ते फोडले, असे त्याला सांगितले जात होते. दोन्हीकडे खरा हात दृष्टीआड होतो.

लोकमान्य टिळकांनी हा प्रश्न वेगळ्या अंगाने घेतला. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'चे दहावे प्रकरण 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य' हे आहे. शीर्षकातील 'आत्म' हे पद लक्षात घ्यावे. मन, बुद्धी, वासना हे सारे कर्माच्या साखळीत बांधलेले. म्हणून स्वातंत्र्याचा आधार टिळक मनाच्या इच्छेत न शोधता आत्म्यात शोधतात. ही भूमिका सर्वांना पटेल असे नाही. आत्माच न मानणाऱ्याला ती मुळातच लागू पडत नाही. पण ती कोठे बसून लिहिली गेली, हे विसरून चालत नाही. ज्या माणसाच्या हालचाली भिंतींनी ठरवून दिल्या होत्या, त्याने स्वातंत्र्याची जागा भिंतींच्या पलीकडे ठेवली. आणि ह्याच माणसाने १९०८ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात, ज्यूरीने दोषी ठरवल्यावर, माणसांचे आणि राष्ट्रांचे भवितव्य ठरवणाऱ्या वरिष्ठ शक्तींचा हवाला दिला होता. तो हवाला न्यायाधीशाने आरोपीला दिला असता तर ते ढोंग ठरले असते. आरोपीने न्यायाधीशाला दिल्यामुळे त्याला धैर्याचे रूप आले.

६

बराबरच्या लेण्यांना इंग्रजी साहित्यातही एक दुसरा जन्म मिळाला. ई. एम. फॉर्स्टर यांच्या 'अ पॅसेज टु इंडिया' (१९२४) ह्या कादंबरीतील मराबारची लेणी बराबरवरूनच घेतलेली आहेत. तेथे लेण्यात काहीतरी घडते, किंवा घडत नाही. अडेला क्वेस्टेड डॉ. अझीझवर अतिप्रसंगाचा आरोप ठेवते. अझीझ निर्दोष आहे की नाही, असा थेट प्रश्न फील्डिंग प्राध्यापक गोडबोले यांना विचारतो. मराठी आडनावाच्या ह्या ब्राह्मण प्राध्यापकाचे उत्तर असे, की वाईट कृत्य घडते तेव्हा ते सर्वांच्याच हातून घडते: अझीझच्या, वाटाड्याच्या, तुमच्या, माझ्या, त्या मुलीच्याही. फील्डिंग संतापतो, कारण एक माणूस तुरुंगात आहे आणि त्याला हो किंवा नाही एवढेच हवे आहे. आजीविकांसाठी कोरलेल्या लेण्यांच्या सावलीत कर्त्याचा प्रश्न पुन्हा उभा राहावा, हा योगायोग फॉर्स्टर यांना ठाऊक असो वा नसो, वाचकाला टाळता येत नाही. पुढे खटला उभा राहतो आणि साक्षीच्या पिंजऱ्यात अडेला आपला आरोप मागे घेते. अझीझला सोडवते ते तिने स्वतः उच्चारलेले वाक्य. गोडबोल्यांचे तत्त्वज्ञान त्या कामी येत नाही.

ह्या सर्व प्रसंगांतून नियतत्ववाद खरा की खोटा, ह्याचा निकाल लागत नाही, आणि साहित्याने तो लावावा अशी अपेक्षाही नाही. भौतिकशास्त्र आणि मेंदूविज्ञान त्यावर आपापल्या परीने बोलत राहतील. पण साहित्याच्या अभ्यासकाचे काम त्या निकालावाचून अडत नाही. एखाद्या कृतीत 'नियती' दिसली, की त्याने पोलासपूरच्या कुंभारशाळेतला प्रश्न विचारावा. मडके कोणाचे होते? ते कोणी फोडले? आणि 'हे असेच व्हायचे होते' असे आता कोण म्हणत आहे: फोडणारा, मालक, की ज्याचे मडके फुटले तो? पात्राने स्वतःच्या दुःखावर उच्चारलेली नियती आणि निवेदकाने त्याच्या दुःखावर लादलेली नियती ह्यांत मोठे अंतर असते. समीक्षकाने ती दोन्ही एका शब्दात बुडवली, तर लेखकाने मेहनतीने उभा केलेला खटला सुनावणीवाचूनच निकाली निघतो.

अजातशत्रूला त्या पौर्णिमेच्या रात्री नियतीचा आश्रय सहज घेता आला असता. मत उपलब्ध होते, आचार्य प्रतिष्ठित होते, आणि राजाला विचारणारा कोणी नव्हता. तरी त्याने म्हटले, की हे मी केले. आपल्या वर्गांत शोकात्मिका शिकवताना ईडिपसच्या जोडीला ह्या राजाचेही नाव घेतले जावे, एवढीच आमची सूचना आहे.